न पाहिलेल्या चित्रपटांची भाकिते

भाकीत करण्याची हौस आपल्याकडे मोठी. मृगाचे वाहन कोणते आणि पाऊस किती, निवडणुकीत अनामत कोणाची जाणार, दहावीचा निकाल किती टक्के लागणार, यांवर पारावर बसून ठाम मत देणाऱ्यांची गावोगाव वाण नाही. गेल्या काही दशकांत या यादीत चित्रपट-पुरस्कारांची भर पडली आहे. नांदेड जिल्ह्यातील, लातूरच्या हद्दीला लागून असलेले मुखेड हे काही चित्रपटसृष्टीचे ठाणे नव्हे. परगावच्या माणसाला ते ठाऊक असलेच, तर दशरथेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे. तरीही फिल्मफेअरची वा ऑस्करची नामांकने जाहीर झाली, की अशा तालुक्याच्या गावीही महाविद्यालयाच्या कट्ट्यावर, शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीच्या मधल्या सुटीत अंदाजांचा बाजार तेजीत येतो. उत्कृष्ट अभिनेत्याची बाहुली कोण नेणार, यावर चहाच्या पैजा लागतात. निकालानंतर ज्याचा अंदाज खरा ठरला, त्याचा भाव दोन दिवस वधारलेला असतो.

या हौसेला नाके मुरडण्याचे कारण नाही. ती नवीनही नाही. 1952 च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांचा ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचे मूळ रूप भाकिताचेच होते. सात गाणी कोणत्याही क्रमाविना ऐकवावयाची आणि श्रोत्यांनी लोकप्रियतेनुसार त्यांचा क्रम लावून पाठवावयाचा. बरोबर क्रम लावणाऱ्यास 100 रुपयांचे बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे 9,000 पत्रे आली, आणि पुढे एकेका आठवड्यात 65,000 पत्रे येऊ लागली. गाण्यांसाठी पत्रे धाडण्यात लहान गावे कधीच मागे नव्हती. अभ्रकाच्या खाणींचे झुमरी तलैया हे गाव तर केवळ फर्माइशींच्या पत्रांमुळे देशाला माहीत झाले! परंतु त्या स्पर्धेत एक गोष्ट गृहीत होती, आणि ती विसरण्याजोगी नाही. क्रम लावणाऱ्याने सातही गाणी नुकतीच ऐकलेली असत.

1954 साली फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाले, तेव्हाही असेच होते. आरंभी पाचच पुरस्कार होते आणि कौल होता नियतकालिकाच्या वाचकांचा. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ त्या वर्षी उत्कृष्ट ठरला, तो या कौलाने. चित्रपट पाहावा, आवडला तर मत द्यावे, इतका साधा व्यवहार. पुढे परीक्षक मंडळे आली, निरनिराळ्या संस्थांचे पुरस्कार आले, दूरचित्रवाणीवरचे सोहळे आले, आणि कालचा मतदार आज ज्योतिषी होऊन बसला. ‘मला कोणता चित्रपट आवडला?’ हा प्रश्न मागे पडून ‘त्यांना कोणता आवडेल?’ हा प्रश्न पुढे आला.

या दोन प्रश्नांतील अंतर अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी 1936 मध्येच एका दृष्टान्ताने दाखविले होते. वर्तमानपत्रातील शंभर छायाचित्रांतून सहा सर्वांत सुंदर चेहरे निवडावयाचे, आणि ज्याची निवड सर्व स्पर्धकांच्या सरासरी पसंतीशी जुळेल त्याला बक्षीस, अशी ती स्पर्धा. तीत शहाणा स्पर्धक स्वतःला आवडलेला चेहरा निवडीत नाही. इतरांना कोणता आवडेल याचा अदमास घेतो, आणि इतरही तेच करीत असतात. केन्स यांना शेअरबाजाराविषयी बोलावयाचे होते. पण पुरस्कारांचे भाकीत करणाऱ्या रसिकालाही हे वर्णन चपखल बसते. अमुक अभिनेत्याला तीन वर्षे डावलले आहे म्हणून यंदा मिळेल, तमुक निर्मात्याचे वजन आहे, परदेशी परीक्षकांना आपली गरिबी आवडते, ही सारी त्याची गणिते. त्यांत पडद्यावर काय दिसले याला स्थान थोडे.

आणि गणित अचूक असूनही उत्तर चुकते, याचे दाखले काही कमी नाहीत. ‘पाकिजा’च्या संगीताला फिल्मफेअर मिळणार याविषयी रसिकांच्या मनात शंका नव्हती, 1973 साली ते ‘बेईमान’ला गेले. गुलाम महंमद यांच्यावर अन्याय झाला म्हणून त्याच ‘बेईमान’मधील भूमिकेसाठी मिळालेला पुरस्कार प्राण यांनी नाकारला. आपला पुरस्कार दुसऱ्याच्या न्यायासाठी सोडणारे नट फार नसतात. त्यानंतरच्या वर्षी ‘बॉबी’तील भूमिकेसाठी गौरविलेल्या ऋषी कपूर यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात, आपण 30,000 रुपये मोजून पुरस्कार मिळविल्याचे स्वतःच सांगून टाकले. ज्यांनी तेव्हा अमिताभ बच्चन यांच्या ‘जंजीर’वर चहाची पैज लावली असेल, त्यांना ती रक्कम परत मागण्याचा नैतिक हक्क आहे!

तथापि, पैज हरणे ही गौण गोष्ट. अधिक गंभीर बाब ‘लगान’च्या वेळी दिसली. आशुतोष गोवारीकर यांचा हा चित्रपट अंतिम पाचांत गेला आणि 25 मार्च 2002 च्या सकाळी, भारतीय वेळेनुसार सोहळा सुरू झाला तेव्हा, सारा देश क्रिकेटच्या सामन्याला बसावे तसा दूरचित्रवाणीसमोर बसला. विजय गृहीत धरला गेला होता. पुरस्कार गेला बोस्नियाच्या डानिस तानोविच यांच्या ‘नो मॅन्स लँड’ला, दोन शत्रुसैन्यांच्या मधल्या खंदकात अडकलेल्या सैनिकांची ती कथा. अन्याय झाला, असा एकच गिल्ला झाला. तो करणाऱ्यांपैकी ‘नो मॅन्स लँड’ पाहिलेले किती होते? याउलट, परभाषी चित्रपटांच्या त्या विभागात मत देणाऱ्या सदस्याने पाचही चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत, असा अकादमीचा तेव्हा दंडक होता. 2025 मध्ये तर अंतिम मतदानाच्या सर्वच विभागांसाठी, नामांकित चित्रपट पाहिल्याशिवाय मत नाही, असा नियम जाहीर करावा लागला. म्हणजे न पाहता कौल देण्याची खोड तिकडेही होतीच.

‘श्वास’ची गोष्ट मराठी माणसाच्या अधिक जवळची. ‘श्यामची आई’ने 1954 साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळविले, त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीकडे परत यावयास 2004 साल उजाडले. संदीप सावंत यांचा हा चित्रपट ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला, आणि परदेशातील प्रचाराच्या खर्चासाठी महाराष्ट्राने अक्षरशः वर्गणी काढली. हे दृश्य हृद्य होते, यात शंका नाही. मात्र अंतिम पाचांत ‘श्वास’ आला नाही, आणि पुरस्कार स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ने नेला. डोळे गमावणाऱ्या नातवाला एक दिवस जग दाखवू पाहणाऱ्या आजोबांविषयी जेवढे बोलले गेले, त्याहून अधिक बोलले गेले ते लॉस एंजलिसमधील खर्चाविषयी आणि शक्यतांविषयी.

मुखेडसारख्या गावाचा प्रश्न येथे येऊन भिडतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 साली निघाला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. ज्यांनी तो जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर मांडी घालून पाहिला, त्यांपैकी बहुतेकांना व्हेनिस कोठे आहे हेही माहीत नसेल. त्यावाचून त्यांचे काही अडले नाही. चित्रपट गावात येई, पुरस्काराची वार्ता येत नसे. आज वार्ता क्षणात येते आणि चित्रपट येत नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ 2014 चा सर्वोत्कृष्ट राष्ट्रीय चित्रपट ठरला, पुढे ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका झाला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ने 2016 चे सुवर्णकमळ मिळविले. ही नावे स्पर्धा परीक्षेच्या तयारीतील विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात, कारण त्यांवर एका गुणाचा प्रश्न येतो. चित्रपट पाहिला आहे काय, असे कोणी विचारीत नाही.

2023 च्या मार्चमध्ये ‘नाटू नाटू’ला ऑस्कर मिळाले, तेव्हा अंदाज बरोबर निघाल्याचा आनंद या सीमाभागात विशेष होता. तेलंगणा येथून फार दूर नाही, आणि ते गाणे लग्नाच्या वरातीतून आधीच गाजलेले होते. त्या भाकिताला काही आधार होता, असे म्हणता येईल. पण त्याच वर्षी भारताची अधिकृत प्रवेशिका होती ती पान नलिन यांचा गुजराती ‘छेल्लो शो’. सौराष्ट्रातील एक खेड्यातला मुलगा चित्रपटगृहाच्या यंत्रघरात शिरतो आणि प्रकाशाच्या झोताचे वेड घेतो, एवढीच कथा. मुखेडच्या मुलांना ती समजावून सांगावी लागली नसती.

यावर कोणी म्हणेल, आता सारे काही भ्रमणध्वनीवर मिळते. चित्रपटगृहाची गरज काय? हे अर्धेच खरे आहे. मिळते ते शोधावे लागते, आणि काय शोधावे हे सांगणारे कोणी लागते. शिवाय हातभर अंतरावरच्या पडद्यावर एकट्याने पाहिलेल्या चित्रपटाविषयी वाद घालावयास शेजारी कोणी नसतो. मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले, पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्या शहरांतील रसिकाची पारख जन्मजात नव्हे, अशा संस्थांच्या सहवासात ती वाढली आहे. मुखेडचा रसिक बुद्धीने कमी नाही. त्याच्या पारखीला खाद्य मिळालेले नाही, म्हणून ती भाकितावर गुजराण करते.

महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते आणि राज्य पुरस्कारही देते. दोन्ही पैसा करदात्यांचा, म्हणजे मुखेडच्या शिक्षकाचा आणि कारकुनाचाही. राज्य पुरस्कारांची नामांकने आधी जाहीर होतात आणि निकाल नंतर लागतो. या मधल्या काळात नामांकित चित्रपटांचा एकेक खेळ तालुक्याच्या गावी व्हावा, अशी अट घालणे शासनाला जड नाही. नांदेड येथे 1994 पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. नांदेड-लातूरमधील संलग्न महाविद्यालयांची सभागृहे या कामी येऊ शकतात. पडदा आणि प्रक्षेपक आजकाल बहुतेक महाविद्यालयांत असतो. तो वार्षिक संमेलनापुरताच बाहेर निघतो इतकेच. शेवटचा खेळ संपल्यावर दाराशी एक पेटी ठेवावी आणि ज्याने सर्व चित्रपट पाहिले असतील, त्यालाच तीत अंदाजाची चिठ्ठी टाकू द्यावी. चहाची पैज ज्याची त्याने लावावी.