झटक्याची नळी उघडली, बाकीचे ब्लॉक आता काढायचे की नंतर?

अँजिओप्लास्टी संपते, डॉक्टर बाहेर येतात आणि सांगतात, "ज्या नळीमुळे अटॅक आला ती उघडली आहे. पण आणखी दोन नळ्यांत ब्लॉक आहेत. त्या पंधरा दिवसांनी बघू." चंदगडहून रात्रीत गाडी करून आलेल्या कुटुंबाला हे ऐकून दोन शंका येतात. काम अर्धवट का सोडले? आणि दुसऱ्यांदा बोलावणे हा बिल वाढवण्याचा प्रकार तर नाही ना? दोन्ही शंका रास्त आहेत. गेल्या काही वर्षांत याच प्रश्नावर जगभर मोठे अभ्यास झाले आहेत, त्यामुळे त्यांचे उत्तर आता बऱ्यापैकी स्पष्टपणे देता येते.

हार्ट अटॅक आलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत एकापेक्षा जास्त नळ्यांत ब्लॉक सापडतात. पूर्वी अटॅकची नळी उघडून बाकीच्यांसाठी गोळ्या देण्याची पद्धत होती. २०१९ साली 'कम्प्लीट' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३१ देशांतील ४,०४१ रुग्णांपैकी निम्म्यांची फक्त अटॅकची नळी उघडली, तर निम्म्यांचे इतर मोठे ब्लॉकही ४५ दिवसांच्या आत स्टेंट घालून काढले. साधारण तीन वर्षांनी पाहिले तेव्हा हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा अटॅक येण्याचे प्रमाण पहिल्या गटात १०.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ७.८ टक्के होते. म्हणजे शंभर रुग्णांमागे साधारण तीन जण वाचले. कशापासून? मुख्यतः दुसऱ्या अटॅकपासून. मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही, हेही तुम्हाला माहीत असायला हवे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे उरलेले ब्लॉक त्याच मुक्कामात काढले काय किंवा घरी जाऊन काही आठवड्यांनी येऊन काढले काय, फायदा दोन्हीकडे दिसला. त्यामुळे "नंतर या" म्हणणारा डॉक्टर हयगय करतोय असे समजू नका. काही वेळा थांबणे जिवासाठी आवश्यकच असते. अटॅकमध्ये रक्तदाब खूप घसरून रुग्ण 'कार्डिओजेनिक शॉक'मध्ये गेला असेल, तर एकाच वेळी सगळ्या नळ्यांना हात लावणे घातक ठरते. २०१७ च्या 'कल्प्रिट-शॉक' अभ्यासात अशा रुग्णांत सगळे ब्लॉक लगेच काढलेल्या गटात मृत्यू किंवा डायलिसिसची वेळ येण्याचे प्रमाण जास्त निघाले. किडनी कमजोर असेल तर अँजिओग्राफीच्या औषधाचा दुसरा डोस थोडा लांबवणेही शहाणपणाचे.

२०२३ च्या युरोपीय आणि २०२५ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी अशा अटॅकमध्ये इतर मोठे ब्लॉकही काढावेत असे ठामपणे सांगितले आहे. तरीही मतभेद पूर्ण मिटलेले नाहीत. २०२४ च्या 'फुल रिव्हॅस्क' अभ्यासात दाब मोजून ब्लॉक निवडले, पण दोन गटांत स्पष्ट फरक मिळाला नाही. माझे मत असे की ७० टक्क्यांहून मोठा, चांगल्या जाडीच्या नळीतला ब्लॉक सोडू नये. ५० ते ७० टक्क्यांच्या ब्लॉकसाठी मात्र "दाब मोजला का?" हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मधुमेह आहे आणि तिन्ही नळ्या खराब आहेत, तर बायपासचा विषय डॉक्टरांकडे जरूर काढा. अशा रुग्णांत बायपास स्टेंटपेक्षा सरस असल्याचे २०१२ च्या 'फ्रीडम' अभ्यासात दिसले होते. (तो अभ्यास अटॅकच्या ऐन घाईतला नव्हता. अटॅकची नळी आधी उघडायची आणि मग शांतपणे ठरवायचे, असा क्रम असतो.) शिवाय हे सगळे अटॅकच्या रुग्णापुरते आहे. अटॅक नाही, छातीत फारसे दुखत नाही, तपासणीत सहज ८० टक्के ब्लॉक सापडला, अशा शेजाऱ्याला हे गणित लावू नका.

आता चंदगडचे बोलू. अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणार असेल तर तीच पहिली पसंती. कोल्हापूरचा रस्ता त्यापेक्षा जास्त वेळ घेतो. बेळगाव जवळ आहे, पण तिलारीकडच्या वाडीतून निघालेल्याला चंदगड गाठतानाच वेळ जातो. म्हणून जवळच्या रुग्णालयात आधी ईसीजी आणि उशीर होणार असेल तर गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन, हे महत्त्वाचे. १०८ ला फोन करा. इंजेक्शन घेतल्यावर बरे वाटले तरी २४ तासांच्या आत अँजिओग्राफीसाठी मोठ्या ठिकाणी जायचेच. दुखायचे थांबले म्हणून घरी परतणे ही मला वारंवार दिसणारी चूक आहे.

खर्चाचे गणित सीमेमुळे बिघडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण वर्षाला प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्याने २०२३ साली घेतला. कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांना योजना देण्यावरून त्याच वर्षी राजकारण तापले होते. चंदगडकराचा प्रश्न उलटा असतो. गाव महाराष्ट्रात, दवाखाना बेळगावात. तिथे आपले कार्ड चालते का हे आजच, घरी सगळे ठीक असताना विचारून ठेवा. अटॅक सुरू असताना मात्र कार्डासाठी लांबचा रस्ता धरू नका. पहिली नळी जवळ उघडून उरलेल्या नळ्यांसाठी नंतर योजनेच्या रुग्णालयात जाता येते. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड आणि अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, आणि दुसऱ्या अँजिओप्लास्टीला मंजुरी मिळेल का हे आरोग्यमित्राकडून पक्के करा. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारची मर्यादा आहे. औषध लावलेला स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आणला गेला, त्याआधी तो लाखाच्या वर जायचा. दर दरवर्षी बदलतात, म्हणून बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहिलेली आहे का ते पाहा.

दुसरी तारीख बहुतेकदा भाताची लावणी, काजूचा हंगाम किंवा गणपतीच्या मुंबईकरांमुळे चुकते. तारीख पुढे न्यायची असेल तर डॉक्टरांना फोन करून न्या, आणि ४५ दिवसांच्या आतली घ्या. मधल्या काळात रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या एक दिवसही चुकवू नका. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आणि त्या दिवसांत छातीत पुन्हा दुखले, दम लागला किंवा घाम फुटला, तर दिलेल्या तारखेची वाट पाहायची नाही, लगेच निघायचे.