जुमला हुकूक महफूज, पण कुणाच्या नावे?

उर्दू पुस्तक उघडलं की शीर्षकाच्या मागच्या पानावर एक ओळ हमखास सापडते: जुमला हुकूक महफूज. म्हणजे सर्व हक्क राखीव. काही पुस्तकांत पुढे 'ब-हक्के-मुसन्निफ' असतं, म्हणजे हक्क लेखकाचे. काहींत 'ब-हक्के-नाशिर', म्हणजे प्रकाशकाचे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, दोन्हीकडच्या लिहिणाऱ्यांत माझी ऊठबस आहे. पुस्तक छापून हातात येईपर्यंत या एका शब्दाकडे कुणी पाहत नाही. भांडण सुरू झालं की मात्र सगळे तेच पान उघडतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लेखकाने प्रकाशकाशी भांडावं, जरूर भांडावं. पण ते व्यवहाराचं भांडण आहे हे विसरू नये. आपल्याकडे एक तर लोक दहा-दहा वर्षं गप्प बसतात, नाहीतर एका रात्रीत फेसबुकवर सगळं ओकून मोकळे होतात. मधला जो रस्ता आहे, पत्राचा, हिशेबाचा, नोटिशीचा, तो कुणी चालत नाही.

हिंदीतले विनोदकुमार शुक्ल यांचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. मार्च २०२२ मध्ये अभिनेते आणि लेखक मानव कौल त्यांना रायपूरला भेटले आणि नंतर त्यांनी इन्स्टाग्रामवर लिहिलं की, एवढ्या मोठ्या लेखकाला दोन प्रकाशकांकडून वर्षाचे मिळून जेमतेम १४ हजार रुपये येतात. एकच खळबळ उडाली. 'नौकर की कमीज' आणि 'दीवार में एक खिड़की रहती थी' या त्यांच्या कादंबऱ्या राजकमल आणि वाणी या हिंदीतल्या दोन मोठ्या घरांनी छापलेल्या. शुक्लजींची तक्रार नुसत्या पैशांची नव्हती. आपल्याला न विचारता ई-बुकं निघाली, हेही त्यांचं म्हणणं होतं. प्रकाशकांनी आपापली बाजू मांडणारी निवेदनं काढली.

मला या प्रकरणात शिकण्यासारखं वाटलं ते शुक्लजींचं बोलणं. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, आयुष्यभर मान खाली घालून लिहिलेलं. त्यांनी कुणाला चोर म्हटलं नाही. आपली पुस्तकं आपल्याला परत हवी आहेत, एवढंच ते सांगत राहिले. पुढे 'दीवार में एक खिड़की रहती थी' हिंद युग्मकडे गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच प्रकाशनाने रायपूरच्या कार्यक्रमात त्यांना सहा महिन्यांच्या मानधनाचा ३० लाखांचा धनादेश दिला. पुस्तक तेच होतं. आता यावरून आधीच्या प्रकाशकांनी काय केलं, याचा निवाडा मी करणार नाही. विक्री कशी केली, जाहिरात किती केली, काळ कोणता होता, यावर बरंच अवलंबून असतं. पण 'साहित्याची पुस्तकं खपतच नाहीत हो' हे जे वाक्य प्रत्येक लेखकाला ऐकवलं जातं, त्यापुढे हा धनादेश ठेवायला हरकत नाही.

आता आपल्याकडे वळू. उर्दूत आणि मुस्लिम मराठी वर्तुळात पुष्कळदा लेखकच पैसे देतो. कुणी अकादमीचं अनुदान मिळवतो, कुणी पीएफमधून काढतो. करार नसतो. 'अरे भाई, आपसात काय लिहायचं' असं म्हणतात. गंमत म्हणजे असं म्हणणाऱ्यांत चांगले दीनदार लोकही असतात. सूरह बकराची २८२वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब आयत, उधारीचा व्यवहार मुदतीसकट लिहून ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, कंटाळा करू नका, हेच तर सांगते. ती पाठ असते. पुस्तकाच्या वेळी आठवत नाही.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेचा कथासंग्रह असाच निघाला. पैसे तिचे, ठरलेल्या प्रती ५००, हातात आल्या १००. बाकीच्यांचं विचारलं की 'विक्री चालू आहे बाजी'. तीन वर्षांनी एका ग्रंथ प्रदर्शनात तिने स्वतःच्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती पाहिली. रात्री तिने फेसबुकवर पोस्ट टाकली. सकाळपर्यंत प्रतिक्रियांचा ढीग. पण त्यात आवृत्ती, हिशेब हे विषयच नव्हते. प्रकाशक आपल्यातलाच, म्हणून निम्मे लोक म्हणाले, कौमची एक संस्था उभी आहे तीही बदनाम करता का? उरलेल्यांपैकी काही जण बाहेरचे होते, त्यांना 'या लोकांचं असंच असतं' म्हणायला आयतं निमित्त मिळालं. तिने पोस्ट काढून टाकली. प्रकाशक उलट दुखावल्याचं नाटक करत फिरला.

हा आपल्या लेखकांपुढचा खरा पेच आहे. बहुसंख्याक लेखकाचं भांडण दोन माणसांचं राहतं. आपलं भांडण लगेच समाजाचं होतं. प्रकाशक हिंदू असेल तर 'मुसलमान म्हणून फसवलं' असं आपल्यातलेच कुणीतरी म्हणतं, आणि मग मूळ हिशेब कायमचा बाजूला पडतो. म्हणून भांडणात प्रकाशकाचा धर्म, जात, घर, बायकामुलं काढूच नयेत. व्हॉट्सअॅपवरच्या खासगी बोलण्याचे स्क्रीनशॉट चार ग्रुपवर फिरवू नयेत. प्रकाशकाच्या पगारी संपादकाला, अक्षरजुळणी करणाऱ्याला शिव्या देऊ नयेत. त्या बिचाऱ्याच्या हातात काही नसतं. आणि जुना व्यवहार मिटल्याशिवाय तेच हस्तलिखित गुपचूप दुसऱ्याला देऊ नये. हे आपल्याकडे सर्रास चालतं, आणि मग तिसऱ्याच प्रकाशकाचं नुकसान होतं.

गप्प बसण्याला मात्र मी सभ्यता म्हणत नाही. गालिबचंच पाहा. १८६१ मध्ये दिल्लीत छापलेला त्यांचा दीवान चुकांनी इतका भरला होता की त्यांनी एक प्रत दुरुस्त करून १८६२ मध्ये कानपूरच्या निजामी छापखान्यातून नव्याने छापवून घेतला. पत्रांतून कुरकुर केलीच, पण काम दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावाही केला. शिकवताना मी मुलांना गझल सांगतो, तसा हा किस्साही सांगतो.

कायदा लेखकाच्या बाजूने बराच आहे, फक्त तो वाचलेला नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क देण्याचा व्यवहार लेखी आणि लेखकाच्या (किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्रतिनिधीच्या) सहीचा असावा लागतो. कुठलं पुस्तक, कुठले हक्क, किती मुदत, किती मानधन, हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास तो आपोआप लेखकाकडे परत येतो. अटी लेखकावर फारच जाचक असतील तर कलम १९अ खाली दाद मागता येते. म्हणजे नुसतं तोंडी बोलून आणि पाठीवर थाप मारून कुणी तुमचं पुस्तक कायमचं नेऊ शकत नाही.

दुसरी एक गोष्ट. भांडण कुणाशी आहे हे नीट ओळखावं. २०१४ मध्ये पेंग्विनने वेंडी डॉनिगर यांचं 'द हिंदूज' भारतात मागे घेतलं, तेव्हा अनेक लेखक पेंग्विनवर तुटून पडले. सिद्धार्थ वरदराजन आणि ज्योतिर्मय शर्मा यांनी निषेध म्हणून आपली पुस्तकंही मागे घ्या असं पेंग्विनला कळवलं, तेही उघड पत्र लिहून. स्वतः डॉनिगर मात्र म्हणाल्या की दोष प्रकाशकाचा नाही, असा खटला भरू देणाऱ्या कायद्याचा आहे. मला दोन्ही वागणुकी पटतात. दोन्हीकडे मागणी काय आणि कुणाकडे, हे स्पष्ट होतं.

त्या शिक्षिकेने पुढे काय केलं ते सांगतो. एका वकील नातेवाइकाला विचारून तिने रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. पहिल्या आवृत्तीच्या किती प्रती छापल्या आणि विकल्या, दुसरी आवृत्ती कुणाच्या परवानगीने काढली, आणि पुस्तकाचे सर्व हक्क माझ्याकडे आहेत हे १५ दिवसांत लेखी कळवा. तीनच वाक्यं, त्यात एकही विशेषण नाही. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र वकिलाच्या कागदावर गेलं, तेव्हा एक टेम्पो येऊन १४० प्रती आणि हक्क परतीचं पत्र तिच्या दारात देऊन गेला. पैसे आजवर आलेले नाहीत. तिचा नवा संग्रह तयार आहे, आणि या वेळी सही करण्याआधी करार मला दाखवायला ती आली होती. मानधनाच्या रकान्यात 'नियमानुसार' एवढंच लिहिलं होतं. तो कागद आम्ही परत पाठवला आहे.