जुनेर देऊन टाकण्याआधी एक वाकळ शिवा

घट बसायच्या आधीचे दिवस आपल्याकडं दसरा काढण्याचे. भिंतींना रंग लागतो, माळ्यावरची भांडी खाली येतात आणि घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. तेरणेला, बोरीला, मांजरेला पाणी असलं तर ट्रॅक्टर भरून धुणं नदीवर जातं, नसलं तर विहिरीवर किंवा बोअरवर. तुळजापुरात याच दिवसांत आई भवानी मंचकी निद्रेला जाते, आणि त्याआधी तिच्या गादीचाही कापूस नव्यानं पिंजून घेतात.

या धुण्यातूनच एक वेगळा ढीग बाजूला पडतो. आजीचं विरलेलं लुगडं, आजोबांची धोतरं, पोरांचे आखूड झालेले गणवेश, गुडघ्यावर फाटलेली जीन, आहेरात आलेल्या आणि घडीही न मोडलेल्या साड्या. गल्लीत बोहारीण आली की या सगळ्याचं एक पातेलं होतं. तिचा तो पोटापाण्याचा धंदा आहे, तिला जरूर द्या. पण त्याआधी एक गाठोडं बांधून वेगळं ठेवा आणि उन्हाळ्यात रानातली कामं सरली की त्याची एक वाकळ, म्हणजे गोधडी, शिवा. हेच सांगायला मी हे लिहिते आहे.

थंडीसाठी वाकळ हवी, असं मी म्हणणार नाही. सोलापुरी चादर आहे, पानिपतची ब्लँकेटं आठवडी बाजारात ढिगानं मिळतात, धुवायला हलकी, वाळायला लवकर. माझं सांगणं निराळं आहे. स्वतःच्या मनानं रंग निवडायचे, आकार जुळवायचे, आपल्या हातानं काहीतरी घडवायचं, यासाठी आपल्या घरांत वाकळीची एक हक्काची जागा होती. ती आपण सोडून दिली. रांगोळीतही हे सगळं आहे, पण ती दुसऱ्या दिवशी पुसून नवी काढावी लागते. वाकळ वर्षानुवर्षं अंगाखाली राहते, आणि तिच्यावर केलेला विचारही तिच्यासोबत टिकतो.

कळंब तालुक्यातल्या एका गावात सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींना शिवताना मी जवळ बसून पाहिलं आहे. त्यांनी ओसरीवर आधी धोतर अंथरलं. वाऱ्यानं हलू नये म्हणून चार टोकांवर वरवंटा, तांब्या, अडकित्ता, हाताला येईल ते ठेवलं. त्यावर लुगड्याचे दोन पदर आले. मग आत भरायचे तुकडे: बनियनचे, टॉवेलचे, जुन्या झबल्याचे. फरशी बसवणारा गवंडी लावतो तसे ते कडेला कड भिडवून लावलेले, एकावर एक चढू न देता. सगळ्यात वर इरकली लुगड्याचा धड राहिलेला भाग, आणि त्याचेच लाल काठ उसवून चारी बाजूंना.

त्यांनी शिवायला कडेपासून घेतलं. डावा हात कापडाखाली, तर्जनीला चिंधी गुंडाळलेली. सुईचं टोक खालच्या बोटाला टोचलं की समजायचं, सगळे पदर धरले गेले. तीन-चार टाके सुईवर घ्यायचे आणि मग दोरा एकदम ओढायचा. एक फेरी पुरी झाली की बोटभर आत दुसरी, चौकोनात चौकोन करत थेट मध्यापर्यंत. मी विचारलं, ‘मावशी, मधूनच का नाही सुरुवात करत?’

‘करत्यात की कुणी कुणी,’ त्या म्हणाल्या. ‘पर कड आधी बांधली की आतली चिंधी कुठं पळत न्हाय. झोळ आला तर हातानं सारत सारत मधी न्यायचा, शेवटाला जिरतोय त्यो.’

परदेशातल्या क्विल्ट शिकवणाऱ्या पुस्तकांत बहुधा उलट सांगतात, मधून कडेकडे जा. दोन्ही रीती चालतात. पण माझ्या मनात राहिली ती दुसरीच गोष्ट. मावशींनी एका कोपऱ्यात पिवळा तुकडा ठेवला, उठून चार पावलं मागं गेल्या, डोळे बारीक करून पाहिलं, परत येऊन तो काढला आणि हिरवा ठेवला. पुन्हा मागं गेल्या. शेवटी पिवळाच बसवला, पण आडवा होता तो उभा करून. शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई त्या वेळी जे करत होती, तेच चित्रकार कॅनव्हाससमोर उभा राहून करतो. तिला कुणी तसं कधी म्हटलं नाही, एवढाच फरक.

म्हटलं नाही, कारण वाकळ म्हणजे गरिबी असं आपण ठरवून टाकलं. पाहुणे आले की वाकळीवर चादर अंथरतो किंवा ती उतरंडीमागं सारतो. वाशी, भूम, परंड्याकडून कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या ट्रॅक्टरवर भांड्यांच्या वर बांधलेल्या वाकळा दिसतात, कोपीत त्याच अंथरतात. त्या दृश्यातलं दारिद्र्य खरं आहे आणि ते सोसणाऱ्यांचे कष्टही खरे आहेत. म्हणून त्या हातांतली कला कमी होत नाही. चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन गावोगाव झाडू मारत फिरणाऱ्या गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबाबा’ म्हणत. त्या गोधडीपुढं भल्याभल्यांनी हात जोडले.

अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज तिथं राहतात. तिथल्या बायका शेतात कापूस वेचायच्या आणि घरी आल्यावर फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, थंडी वाजते म्हणून. मिझुरी पेटवे नावाच्या बाईनं १९४२ साली नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण अंगावर पांघरता यावी म्हणून. पुढं २००२ साली त्या वस्तीतल्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. जगभरचे कलासमीक्षक त्यातले रंग आणि रेषा बघून थक्क झाले. आपल्या महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी गावोगाव फिरून पुस्तक केलं, तेही इंग्रजीत निघालं. बंगालच्या नक्षी कांथाचा तर केवढा बोलबाला आहे. आपल्या पेटीतल्या वाकळीकडं मात्र आपण एकदा नीट उजेडात धरूनही पाहिलेलं नसतं.

आणि कापडाचं आपल्या भूमीशी नातं काही आजचं नाही. आपल्या जिल्ह्यातलं तेर गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं आहे की तगरहून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोच बंदरात जात असे. तिथून ती जहाजांवर चढे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या मातीतलं कापड समुद्रापलीकडं गेलं, तिथल्या लेकींनी चार तुकडे जोडायला लाजू नये.

आता प्रत्यक्ष कामाचं बोलू. पहिल्यांदा मोठी वाकळ हातात घेऊ नका, अर्ध्यात कंटाळा येईल. दोन हात लांब आणि दीड हात रुंद असं बाळाचं दुपटं शिवा. घरात नाही तर शेजारी, कुठंतरी बाळंतपण असतंच. त्यासाठी कापड निव्वळ सुती घ्या. नायलॉन, पॉलिस्टर घाम टिपत नाही, आणि चुलीच्या, शेगडीच्या ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं. लेकराच्या अंगाखाली ते नकोच. दिसायला कितीही झळकदार असली तरी आहेरातली सिंथेटिक साडी दुसऱ्या कामाला ठेवा, पिशव्यांना छान होते.

सगळं कापड आधी गरम पाण्यातून काढा. आटायचं ते आधीच आटू द्या, नाहीतर शिवल्यावर एक तुकडा आटतो आणि शेजारचा फुगतो. खणाचा लाल आणि नवं निळं कापड रंग सोडतं. ते वेगळं भिजवा आणि पांढऱ्या चिंधीवर घासून बघा. चिंधी रंगली तर अजून एकदा धुवा. मग एकेक तुकडा दोन्ही हातांनी ताणा. चर्रकन फाटला तर तो आत भरायचा, टिकला तर वर लावायचा. जीनचं कापड जाड, त्याचे दोनच पदर झाले तरी सुई अडते. ते वापरायचं तर मधला भर कमी करा. तीन ते पाच पदर पुरेत. त्याहून जास्त घातले की हात दुखतो आणि भिजल्यावर ती वाकळ एकटीला उचलत नाही.

दोरा सुती आणि दुहेरी घ्या, दीड हातापेक्षा लांब नको, गुंता होतो. त्यावर एकदा मेण फिरवलं की तो सरळ पळतो. गाठ पदरांच्या आत लपवा. सगळे पदर आधी कच्च्या टाक्यांनी धरून घ्या, पक्का धावदोरा झाला की ते उसवायचे. वरचे तुकडे एकमेकांना जोडायला मशीनची टीप चालेल, त्यात कमीपणा काही नाही. पण पदर धरायचा धावदोरा हातानंच घाला असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. हाताच्या टाक्यानं जी बारीक लहर कापडावर उठते, तिच्यामुळंच वाकळ मऊ पडते. मशीननं ती ताठ होते.

रंगांचं कुणाला विचारू नका. तुकडे जमिनीवर मांडा, एक रात्र तसेच राहू द्या, सकाळी उठून बघा. जे डोळ्याला खुपेल ते बदला. गडद तुकडे कडेला घेतले तर दुपटं लवकर मळकट दिसत नाही, एवढी एक व्यवहाराची सूचना.

अजून एक विचार मला गंभीरपणे मांडायचा आहे. सुती टी-शर्ट एक तयार व्हायला, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा हिशेब जगभर सांगितला जातो. उन्हाळ्यात टँकरमागं घागरी घेऊन धावणाऱ्या जिल्ह्यात राहून आपण ते पाणी चार वेळा घालून उकिरड्यावर टाकतो. शिवलेलं कापड अजून पंधरा-वीस वर्षं वापरात राहतं.

हे काम एकटीनं करू नका. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बाईला जवळ बसवा. आजी असेल, सासूबाई असतील, गल्लीतली आत्या असेल. मोतीबिंदूनं सुईत दोरा ओवता येत नसला तरी बोटांना सगळं आठवतं. त्यांच्याकडची जुनी वाकळ मागून घ्या, तिच्यातलं कुठलं कापड कुणाचं ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. उमरगा आणि लोहारा भागातल्या लोकांना याची किंमत मी वेगळी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, भूकंपानं माळवदाची घरं बसली तेव्हा माणसं गेली आणि पेट्या-उतरंडीही मातीखाली गेल्या. मागं राहिलेल्यांपैकी फार थोड्यांकडं गेलेल्या माणसाच्या कापडाचा तुकडा उरला. गेलेल्याचे कपडे घरात ठेवू नयेत असं काही घरांत मानतात. ज्यांना ते पटत असेल त्यांनी तसं करावं. पण ज्यांचं मन अडकतं, त्यांनी एक सदरा, एक पदर वाकळीत घ्यावा. त्यात अशुभ काही नाही.

ज्यांना शिवणं जमणारच नाही त्यांनी शिवून घ्यावी, पण घासाघीस करू नये. मोठ्या वाकळीला दिवसच्या दिवस लागतात. शेतमजुरीला जो रोज देता तो धरा, त्यात दोऱ्याचे पैसे मिळवा आणि तेवढे मोजून द्या. बचत गटाच्या बायकांनी वाकळा विकायला काढल्या तर हाच हिशेब दाखवून भाव सांगावा, शरमून निम्मा करू नये. ‘उमेद’ अभियानाच्या प्रदर्शनांत पापड-लोणच्यांच्या शेजारी आपल्या वाकळा मांडायला काय हरकत आहे?

पोरांच्या हातीही सुई द्या, मुलग्यांच्यासुद्धा. दहा वर्षांचं लेकरू सरळ धावदोरा सहज घालतं, आणि आपल्या जुन्या गणवेशाचा तुकडा कुठं लावायचा यावर हट्टही धरतं. तो हट्ट पुरवा. सुरुवातीला वाकडे पडलेले टाके उसवू नका.

गाठोडं आजच बांधा. सुई-दोऱ्यासाठी बाजाराच्या वाराची वाट बघायला नको. गावातल्या शिलाईकाम करणाऱ्या ताईंकडं दोन्ही मिळेल, आणि त्यांच्या मशीनखाली साठलेलं कातरणाचं पोतंही मागा. बहुतेक ठिकाणी ते आनंदानं देतात.