विश्लेषण : सिझेरियन झाले, घरी आल्यावर काय?

नालासोपारा पूर्वेच्या आचोळ्यात चाळी आणि लिफ्ट नसलेल्या इमारती पुष्कळ. पाणी आले की हंडे-बादल्या भरायची धावपळ. सिझेरियन झालेली बाळंतीण तीन-चार दिवसांनी अशाच घरात परतते. 'कळा सोसाव्या लागल्या नाहीत, सुटली' असे शेजारीपाजारी म्हणतात. प्रत्यक्षात तिच्या पोटावर मोठी शस्त्रक्रिया झालेली असते आणि ती भरून यायला किमान सहा आठवडे लागतात.

प्रमाण किती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के होते. ही तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी समजावता येणारी नाही. त्यामुळे 'सिझर का?' हे डॉक्टरांना विचारण्यात गैर काहीच नाही.

शस्त्रक्रियेत काय होते?

बहुतेकदा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. आई जागी असते. ओढल्यासारखे जाणवते, दुखत नाही. बाळ पहिल्या काही मिनिटांतच बाहेर येते. जास्त वेळ जातो तो गर्भाशय आणि पोटाचे थर शिवण्यात. बाहेरून दिसते ती फक्त वरची शिवण. साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत लघवीची नळी निघते आणि परिचारिका उठून चालायला लावतात. नातेवाइकांना हे निर्दयपणाचे वाटते. पण पडून राहिल्यास पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

घरी काय सांभाळायचे?

बाळापेक्षा जड काहीही उचलायचे नाही. म्हणजे पाण्याचा हंडा, सिलिंडर, मोठे मूलही नाही. हे काम नवऱ्याने किंवा सासरच्या कुणी अंगावर घ्यायला हवे. नुसते 'आराम कर' म्हणून भागत नाही. जिना चढता येतो, पण सावकाश आणि कमी वेळा. खोकताना-शिंकताना टाक्यांवर उशी दाबून धरली की कळ कमी येते. भात खाल्ल्याने टाक्यांत पू होतो, पाणी प्यायल्याने पोट सुटते, या समजांना आधार नाही. उलट पाणी कमी पडले तर बद्धकोष्ठता होते आणि कुंथताना टाके ताणले जातात. चीक टाकून देऊ नये. सिझेरियननंतरही पहिल्या तासातच पाजणे सुरू करता येते.

ताप, टाक्यांतून पू, तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, एका पोटरीत सूज व दुखणे, धाप लागणे, तीव्र डोकेदुखी किंवा अंधारी, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

खर्चाचे काय?

२०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील सिझेरियन, औषधे, रक्त, सात दिवसांपर्यंतचा आहार आणि घरी सोडणारे वाहनही मोफत आहे. वाहन मागावे लागते, एवढेच.

डिस्चार्ज कार्ड मात्र जपून ठेवावे. सिझेरियन का केले आणि गर्भाशयावर छेद कसा घेतला, याची नोंद त्यावर आहे ना, हे घरी निघण्यापूर्वीच पाहावे. पुढची प्रसूती नैसर्गिक करून पाहता येईल का, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.