साबणावर नारिंगी डाग का पडतात?

घरी साबण करणाऱ्या बहिणींची एक तक्रार नेहमी कानावर येते. पहिल्या महिन्यात वडी पांढरीशुभ्र असते. दोन-तीन महिन्यांत तिच्यावर नारिंगी ठिपके पडतात आणि जुन्या तळणीच्या तेलासारखा वास येतो. ईदच्या भेटीसाठी किंवा विक्रीसाठी केलेला माल वाया जातो, गिऱ्हाईकही तुटते. पुष्कळजणींना ही बुरशी वाटते. पण ते तेल खवट झालेले असते.

कातडी कोरडी पडू नये म्हणून आपण साबणात थोडे तेल मोकळे ठेवतो. हवा लागून तेच खवटते. सूर्यफूल, करडई, सोयाबीन ही तेले लवकर खवटतात. खोबरेल बरेच टिकते. म्हणून लवकर खवटणारे तेल एकूण तेलाच्या 10 ते 15 टक्क्यांपुरतेच घ्या. मोकळे तेल 5 टक्क्यांच्या आसपास ठेवा. तेल ताजे हवे; तळणीतले उरलेले नको.

लोखंड आणि तांब्याचा अंश तेलाचे खवटणे वाढवतो. आपल्या शिरोली एमआयडीसीत लोखंड ओतकामाचे कारखाने आहेत. कामाच्या कपड्यांबरोबर बारीक लोखंडी धूळ घरात येऊ शकते. तेव्हा साबण त्या कपड्यांपासून लांब, सुती कापडाखाली वाळवा. बोअरचे पाणी टाळून डिस्टिल्ड वॉटर वापरा. भांडे स्टेनलेस स्टीलचे घ्या. ॲल्युमिनियम कॉस्टिकने खाल्ले जाते. वड्या लोखंडी जाळीवर न ठेवता कागद घातलेल्या लाकडी फळीवर, हवेशीर जागी 4 ते 6 आठवडे ठेवा.

आणखी एक उपाय आहे. 1 किलो तेलाला 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, आधी पाण्यात विरघळवा. ते धातूचा अंश बांधून ठेवते. मात्र ते थोडा कॉस्टिकही खाते, म्हणून कॉस्टिक 6 ग्रॅम जास्त घ्या. हातमोजे आणि चष्मा घालून कॉस्टिक नेहमी पाण्यात सोडा. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नका. मुलांना लांब ठेवा.

प्रत्येक डाग खवटपणाचा नसतो. व्हॅनिलाच्या सुगंधाने आणि दुधाने वडी सारखी तपकिरी होते. गुलाबपाकळ्या काळपटतात. पावसाळ्यात वडीवर येणारे थेंब ग्लिसरीनने ओढलेल्या ओलाव्याचे असतात. यांतले काहीही खराबी नव्हे.

वास घेऊन ठरवा. खवट वासाची वडी फडकी धुवायला वापरा. कोणाला देऊ नका, विकू तर मुळीच नका.