परक्या देशातील घरची गाडी

शारजाहून आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीचे पत्र गेल्या पंधरवड्यात आले. ही भगिनी तेथील एका रुग्णालयात परिचारिका आहे. यजमान एका गोदामात हिशेबनीस आहेत. पदरी तीन मुले. यजमानांनी चार वर्षे वापरलेली, सात आसनांची, अमेरिकेहून आलेली एक टोलेजंग एसयूव्ही पाहून ठेवली आहे. स्थानिक एजंटाकडील तशाच गाडीपेक्षा तिची किंमत एक-तृतीयांशाने कमी. मागणी ऐंशी हजार दिरहमची. पैकी तीस हजार रोख द्यावयाचे व बाकीचे कर्जाने. हे तीस हजार म्हणजे खानापूरकडील घरावरचे कर्ज फेडण्यासाठी दोघांनी तीन वर्षे साठविलेली पुंजी. विसार शुक्रवारी द्यावयाचा होता. "फादर," ती लिहिते, "गाडीच नको असे मी म्हणत नाही. या उन्हात तीन मुलांना घेऊन बसची वाट पाहणे आता होत नाही. पण ही गाडी भरवशाची आहे का, एवढे कोणा जाणकाराला विचारून सांगा. माझे म्हणणे घरात ऐकले जात नाही."

मोटारींच्या बाबतीत माझा सल्ला घ्यावा अशी माझी योग्यता नाही. मी स्वतः एकदा जुनी जीप रंग पाहून विकत घेतली, आणि पहिल्याच पावसाळ्यात पायांखालच्या पत्र्यातून रस्ता दिसू लागला. परंतु माझे थोरले बंधू शारजाच्या औद्योगिक भागात एकवीस वर्षे मिस्त्री होते व आता गावी परतले आहेत. दोन संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसलो. त्या भगिनीस फोनवरून थोडक्यात उत्तर त्याच आठवड्यात कळविले. तरीही सविस्तर येथे देतो. कारण गोवा-बेळगावकडील आपल्या लोकांत ज्याचे कोणी ना कोणी आखातात नाही असे घर विरळा, आणि हाच प्रश्न दर सुट्टीला कोणीतरी विचारतोच.

बंधूंनी पत्र ऐकून घेतले व प्रथम विचारले ते गाडीच्या कंपनीचे नाव नव्हे. "ती पहिल्यांदा कोणत्या देशात विकली गेली?" हा त्यांचा प्रश्न. त्याचे कारण असे की, एकाच नावाची गाडी निरनिराळ्या देशांसाठी निरनिराळी घडविली जाते. आखाती देशांसाठी तयार होणाऱ्या गाडीत उष्णता सोसणारी शीतयंत्रणा, अधिक जोराचा एअरकंडिशनर आणि धुळीचा विचार करून बसविलेले फिल्टर असतात. तिकडे यास 'जीसीसी स्पेसिफिकेशन' म्हणतात व जाहिरातीत ते ठळकपणे छापतात. थंड प्रदेशासाठी घडलेली गाडी जुलै-ऑगस्टात, पारा पंचेचाळीस अंशांच्या वर असताना व रस्त्यावर वाहनांची रांग खोळंबली असताना तापू लागते. आणि मागच्या आसनावरील मुलांपर्यंत थंड वारा पोचत नाही. शिवाय स्थानिक एजंटाची हमी अशा आयात गाडीस लागू होत नाही, संपूर्ण विमा देण्यास पुष्कळ विमा कंपन्या कां-कूं करतात, आणि विकावयास काढली की भाव पुन्हा पडतो. जी सवलत म्हणून आज हाती येते, तीच उद्या तोटा म्हणून परत द्यावी लागते.

पण याहून गंभीर गोष्ट दुसरीच आहे. अमेरिकेत अपघात झालेली अथवा पुरात बुडालेली गाडी दुरुस्त करण्याचा खर्च तिच्या किमतीच्या मानाने फार झाला, तर विमा कंपनी मालकास पैसे देऊन ती गाडी स्वतःकडे घेते आणि भंगार म्हणून लिलावात काढते. अशा कित्येक गाड्या जहाजाने आखातात येतात. तेथे पत्र्याचे काम होते, रंग चढतो, आसनांस नवी कातडी आवरणे लागतात आणि गाडी बाजारात उभी राहते. प्रत्येक आयात गाडी अशीच असते असे नव्हे, चांगल्याही असतात. परंतु एक-तृतीयांश किंमत कोणी उगाच सोडत नाही.

याचा शोध घेण्यास एक साधन सर्वांच्या हाती आहे. प्रत्येक गाडीवर सतरा अक्षर-अंकांचा चासी क्रमांक असतो. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून तो बाहेरूनही वाचता येतो. त्यात आय, ओ व क्यू ही रोमन अक्षरे कधीच नसतात. एक व शून्य या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून ती वगळलेली आहेत. पहिले चिन्ह कोठे बांधणी झाली ते सांगते: जे म्हणजे जपान, के म्हणजे कोरिया, डब्ल्यू म्हणजे जर्मनी, आणि एक, चार किंवा पाच म्हणजे अमेरिका. अमेरिकेतून आलेल्या गाडीचा हा क्रमांक देऊन थोड्या शुल्कात तिच्या तेथील नोंदी मिळतात. अपघात, लिलाव, भंगाराचा शिक्का, वेळोवेळी नोंदलेले अंतर, हे बहुधा त्यांत असते. काचेवरचा, दाराच्या चौकटीवरचा आणि मुल्किया म्हणजे नोंदणीपत्रावरचा, असे तिन्ही क्रमांक एकच आहेत ना, तेही ताडून पाहावे.

अंतरावरून आठवले. या भगिनीने लिहिले आहे की, गाडी "साठ हजारच" चालली आहे. बंधू हसले. अमेरिकन गाडीचा मापक मैल मोजतो! साठ हजार मैल म्हणजे सुमारे साडेशहाण्णव हजार किलोमीटर. विक्रेत्याने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही. त्याने फक्त एकक सांगितले नाही.

मुलांच्या दृष्टीने मला सर्वांत अधिक अस्वस्थ करून गेली ती एअरबॅगची गोष्ट. अपघातात फुगलेली एअरबॅग पुन्हा वापरता येत नाही. नवी बसवावी लागते, आणि ती महाग असते. म्हणून काही कारागीर ती बसवीतच नाहीत. पोकळीवर झाकण चिकटवितात आणि धोक्याचा दिवा पेटू नये म्हणून त्याची तार तोडतात. बाहेरून सर्व काही जागच्या जागी दिसते. ओळखण्याची एक सोपी रीत बंधूंनी सांगितली. किल्ली फिरविताच एअरबॅगचा दिवा क्षणभर लागला पाहिजे व मग विझला पाहिजे. न विझणारा दिवा दोष दाखवितो. मुळीच न लागणारा दिवा लबाडी दाखवितो. मात्र लबाडी अधिक हुशारीची असेल तर दिवाही फसवितो, म्हणून संगणक लावून केलेल्या तपासणीस पर्याय नाही. सात आसनी गाडीत बाजूच्या पडद्यासारखी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते की नाही, हेही विचारावे. ही तिसरी रांग मागच्या दारास अगदी लागून असते, आणि तेथे बहुधा मुलेच बसतात.

पुरात बुडालेल्या गाड्या केवळ अमेरिकेहूनच येतात असेही नाही. 16 एप्रिल 2024 रोजी अमिरातींत जो पाऊस झाला, तसा 1949 पासूनच्या नोंदींत नव्हता. अल ऐन भागात एके ठिकाणी चोवीस तासांच्या आत सुमारे 254 मिलिमीटर पडला. आपल्या घाटमाथ्यावर आषाढात एवढा पाऊस नवलाचा नाही. पण ज्या शहरांत गटारे बेताचीच, तेथे हमरस्त्यांवर मोटारी छपरापर्यंत बुडाल्या. त्यांतील काही पुढे बाजारात आल्या असणारच, आणि त्या अस्सल आखाती घडणीच्या आहेत. तेव्हा आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. टोकाकडे गाळाची रेघ राहिलेली असते. आसनाखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का, दिव्यांच्या काचेत आतून वाफ धरली आहे का, गालिचा उचलला तर कुबट वास येतो का, हे पाहावे. गाडीत सुगंध दरवळत असेल तर अधिकच शोधावे.

मग कोणत्या कंपनीची घ्यावी? यजमान मंडळींना एवढाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचेही उत्तर देतो. आखातात टोयोटाच्या लँड क्रूझरची व निस्सानच्या पेट्रोलची जी ख्याती आहे ती वायफळ नाही. दोन्ही घराण्यांचा उगम 1951 सालचा. त्यांचे सुटे भाग कोठेही मिळतात, आणि त्या उघडून पुन्हा जोडणारे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. परदेशात राहणाऱ्या नोकरदारास हीच गोष्ट खरी मोलाची. जी बिघडल्यास संध्याकाळपर्यंत चालू होईल, तीच गाडी सकाळच्या पाळीस पोचविते. परंतु नावावर डोळे मिटून जाऊ नये. मे 2024 मध्ये टोयोटालाच अमेरिकेत 2022 व 2023 सालच्या सुमारे एक लाख टुंड्रा व लेक्सस एलएक्स गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इंजिन घडविताना आत राहिलेले धातूचे कण बेअरिंगचा नाश करीत होते.

लँड क्रूझर या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे, हे उघड आहे. बंधूंच्या मते, सात आसने हवीतच तर आखाती घडणीची, एजंटाकडे सर्व्हिसिंग झाल्याचा दाखला असलेली टोयोटा फॉर्च्यूनर किंवा मित्सुबिशी पजेरो पाहावी. फॉर्च्यूनरचे 2.7 लिटरचे इंजिन चढणीवर कुरकुरते, पण टिकते. पजेरोची निर्मिती 2021 मध्ये थांबली. तरी शारजात तिच्या भागांचा तुटवडा नाही. या गाड्या दिसण्यास जुनाट आहेत, पेट्रोल अधिक पितात, आणि शेजारी त्यांच्याकडे वळून पाहणार नाहीत. बरीच जुनी गाडी घेत असल्यास तिच्या चासी क्रमांकावर काही दुरुस्ती बाकी आहे का, हे एजंटाकडे अवश्य विचारावे. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमधील स्फोटक पदार्थ उष्ण व दमट हवेत खराब होऊन धातूचे तुकडे उडत, म्हणून एकट्या अमेरिकेत सुमारे सहा कोटी सत्तर लाख एअरबॅग परत बोलावल्या गेल्या. ही बदली कंपन्या विनामूल्य करून देतात. पण मालकाने विचारले तर. टायरवर चार अंकांचा शिक्का असतो, तोही वाचावा. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. त्या उन्हात पाच वर्षांचा टायर वरून नवा दिसला तरी आतून मेलेला असतो.

आणि सात आसने खरोखर हवीत का? घरात माणसे पाच. आजीबाई वर्षातून दोन महिने येतात, म्हणून बाराही महिने दोन टन लोखंड हाकावयाचे काय? टोयोटा राव्ह-4 किंवा होंडा सीआर-व्ही यांसारखी पाच आसनी गाडी शारजा-दुबईच्या रोजच्या गर्दीस पुरते. आजी असताना मोठ्या सहलीस भाड्याची गाडी करावी. वाळूत चढविण्याची हौस नसेल तर चारही चाकांना गती देणाऱ्या यंत्रणेसाठी अधिक पैसे मोजण्याचेही कारण नाही. बाहेरून एसयूव्ही दिसणाऱ्या पुष्कळ गाड्या केवळ पुढच्या दोन चाकांवरच चालतात, हे घेणाऱ्यास बहुधा ठाऊकही नसते.

आता पैशाकडे येतो. अमिरातींच्या मध्यवर्ती बँकेच्या 2011 च्या नियमांनुसार गाडीच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत व जास्तीत जास्त साठ महिन्यांसाठी कर्ज मिळते. समजा, पन्नास हजार दिरहम पाच वर्षांसाठी सरळ तीन टक्क्यांनी घेतले. व्याज साडेसात हजार, हप्ता सुमारे 958 दिरहम. तीन टक्के ऐकावयास गोड लागते. पण मुद्दल दरमहा फिटत असूनही व्याज मूळ रकमेवरच आकारले जाते, म्हणून खरा दर साडेपाच टक्क्यांच्या वर जातो. हिशेबनीस असलेल्या यजमानांना हे मी सांगावे लागू नये. याहून मोठी गोष्ट अशी की, नोकरीचा व्हिसा बहुधा दोन वर्षांचा आणि देणे पाच वर्षांचे. मध्येच नोकरी गेली तर गाडी पडत्या भावाने विकावी लागते, कर्ज मात्र पूर्ण उरते. आणि ते फेडल्यावाचून देश सोडणे अवघड होते.

गाडी गावी नेऊ, असेही पत्रात एके ठिकाणी आहे. ती आशा सोडावी. तिकडे चालकाचे आसन डावीकडे असते, आणि भारतात आयात करावयाच्या मोटारीचे चाक उजवीकडेच असावे असा नियम आहे. जुन्या गाडीच्या वयाची अट व जबर आयात शुल्क ही वेगळीच. ती गाडी तेथेच घ्यावयाची व तेथेच विकावयाची.

म्हणून मी या भगिनीस एवढेच कळविले होते: चासी क्रमांकाच्या नोंदी काढा, गाडी विक्रेत्याने सुचविलेल्या नव्हे, तुम्ही निवडलेल्या तपासणी केंद्रात न्या, विम्याचा दर लेखी मागा. या तीन गोष्टी हाती येईपर्यंत एक दिरहमही विसार देऊ नका. आणि घरकर्जाच्या तीस हजारांपैकी दहापेक्षा अधिक मोडू नका. त्यात जी गाडी बसेल ती पाहा. यजमानांशी बोलताना हे सर्व माझ्या बंधूंचे म्हणणे आहे, असे सांगितले तरी चालेल.

परवा तिचा निरोप आला. विक्रेत्याने गाडी बाहेर तपासणीस नेऊ दिली नाही. दुसरे गिऱ्हाईक उभे आहे, असे म्हणाला. विसार दिला गेला नाही. यजमान अद्याप रुसलेले आहेत. पण गेल्या सुट्टीच्या दिवशी ते एक पांढरी फॉर्च्यूनर पाहून आले, आणि तिच्या आसनाचे पट्टे त्यांनी शेवटपर्यंत ओढून पाहिले, असे ती लिहिते.