मांजराला श्रावण नसतो

आयर्लंडमधल्या आपल्या घरांतून मांजरांचे लाड भरपूर होतात, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो "मांजर ओकायचंच!" या आपल्या ठाम समजुतीशी.

दर आठवड्याला केसांचा गोळा बाहेर येतो, हे आपण कौतुकाने सांगतो. पण उलट्या, पातळ शी किंवा वजनातली घट तीन आठवड्यांहून जास्त चालली, तर तो आतड्याचा जुनाट आजार असू शकतो. कधी अन्नाची ॲलर्जी, कधी आतड्याची सूज, कधी सावकाश वाढणारा लिंफोमा. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. आमच्या आयटीत लॉग न बघता सर्व्हर रीस्टार्ट करत बसणाऱ्याला हसतात. इथे मात्र दहीभात, चिमूटभर हळद आणि पुण्याच्या आत्याचा फोनवरचा सल्ला चालतो.

दूध-पोळीचं तर विचारूच नका. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. टॉरीन कमी पडलं की त्याचं हृदय पसरून निकामी होऊ लागतं, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८७ सालीच दाखवलं. तरी श्रावण आला की त्यालाही शाकाहार! आणि एरवी वाटीत काय, तर कांदा-लसणाच्या रश्शातलं चिकन, जे त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. तुमचे उपास तुम्ही करा. इथल्या २०१३ च्या प्राणी आरोग्य व कल्याण कायद्यानुसार पाळलेल्या जनावराला योग्य अन्न देणं हे मालकाचं कर्तव्य आहे.

उपाय आहेत. व्हेट रक्त, बी-१२, थायरॉइड, किडनी तपासतात, सोनोग्राफी करतात. मग हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं खास अन्न, आणि त्याबरोबर दुसरा घाससुद्धा नाही. अन्नाचाच दोष असेल, तर बऱ्याच मांजरांना दोन-तीन आठवड्यांत उतार पडतो. (खरी अडचण ताटातला तुकडा हळूच टाकणाऱ्या आजोबांची!) नाहीतर प्रेडनिसोलोन, पण बायोप्सीआधीच ते सुरू केलं तर लिंफोमा झाकला जाऊ शकतो, म्हणून उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. सावकाश वाढणारा लिंफोमा असला, तरी गोळ्यांवर कित्येक मांजरं दोन वर्षं किंवा अधिक बरी जगतात.

"मांजरावर एवढा खर्च?" हा प्रश्न रास्त आहे, पण तो मांजर आणण्यापूर्वी विचारायचा. विमा साधारणपणे आधीपासूनच्या आजाराला पैसे देत नाही; तो मांजर धडधाकट असतानाच काढावा लागतो.